सरकार जागेवर आहे

संध्याकाळी खेळ, आणि 1956 च्या सोव्हिएतविरोधी उठावातले हंगेरीचे पंतप्रधान इम्रे नॉज यांच्यावरच्या हंगेरियन चित्रपटाच्या मराठी सबटायटल्सची शेवटची तपासणी सकाळी. (आपल्याकडे 'नागी' छापतात, पडद्यावर 'नॉज' ऐकू येतं, तेच ठेवलं.)

सुरुवातीच्या ओळी बरोबर पडल्या. दहाव्या मिनिटाला मात्र त्या 25 सेकंद आधीच उमटू लागल्या. अंतर असं वाढतच जात असेल तर ओळी हाताने सरकवत बसू नये. दोष फ्रेमच्या वेगात असतो. आम्हाला कामासाठी मिळालेला व्हिडिओ सेकंदाला 25 फ्रेमचा होता, थिएटरची प्रत 24 ची. प्रत्येक वेळ 25 ने गुणून 24 ने भागली; मग पहिली, मधली आणि शेवटची ओळ आवाजाशी ताडून पाहिली. फायदा एवढाच, की प्रत्येक ओळ चार टक्के जास्त टिकते.

ही सवलत मराठीला हवीच असते. 'स्वातंत्र्य' डोळ्याला तीन अक्षरं, पण सॉफ्टवेअर काना, अनुस्वार, हलन्त धरून 11 मोजतं आणि ओळ वाचायला फार लांब म्हणून लाल करतं. त्या लाल रंगाला घाबरून वाक्य छाटू नये, मोठ्याने वाचून बघावं.

शब्दांचा घोळ दोनच ठिकाणी होता. 23 ऑक्टोबर 1956 ला संसदेच्या सज्जातून नॉज 'एल्वतार्शाक' अशी हाक मारतात आणि गर्दी ओरडते, आम्ही ते नाही! पहिल्या मसुद्यात 'बांधवांनो' होतं. मग गर्दी चिडते कशावर? 'कॉम्रेड्स!' हेच हवं.

दुसरं नॉज यांचं 4 नोव्हेंबरचं, पहाटे 5:20 चं रेडिओ भाषण. सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरलेत. आपलं सैन्य लढत आहे, असं सांगून ते म्हणतात, 'अ कोर्मान्य अ हेयेन वॉन.' मसुद्यात होतं, 'सरकार जागेवर आहे.' वाचलं आणि डोळ्यांसमोर कचेरीतला शिपाईच आला, साहेब जागेवर आहेत की नाहीत ते सांगणारा. कुणीतरी 'सरकार खंबीर आहे' सुचवलं. तेही नको. काही तासांतच नॉज युगोस्लाव्ह वकिलातीत आश्रयाला गेले. 22 नोव्हेंबरला बाहेर पडताच त्यांना पकडून रुमानियात नेलं आणि 16 जून 1958 ला फाशी दिली. मूळ वाक्यात खंबीरपणाचा दावा नाही, तो आपण पदरचा घालायचा नाही.

'सरकार आपल्या जागी आहे.' सॉफ्टवेअरच्या हिशोबाने 22, दोन सेकंदांत बसलं.