चावी आपल्याच खिशात: आमची वाटचाल

गोव्यात डिचोलीला आमचं वर्कशॉप होतं ते टिपरच्या, म्हणजे हौदा उचलून माल ओतणाऱ्या ट्रकच्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या जॅकचं. सील फाटलंय, होज फुटलाय, जॅक हौदा धरत नाही, अशा तक्रारी घेऊन खाणीवरच्या गाड्या दिवसभर येत. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि फाटकासमोरची रांग बघता बघता आटली. लेथचे हप्ते मात्र चालूच होते.

कचऱ्याकडे आम्ही काही हौसेने वळलो नाही. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलातून फोन आला, पुठ्ठा दाबायची मशीन अडलीय, सिलिंडर बघता का? जाऊन पाहिलं तर सगळं ओळखीचंच. तेल तेच, सील तीच, पंपही तसाच. एकाचे चार ग्राहक झाले, मग ओला-सुका कचरा पेटीत प्लेटने दाबणारे मोठे कॉम्पॅक्टरही हाती आले.

टिपरचा हौदा वर असताना टेकू दिल्याशिवाय खाली शिरायचं नाही, हे आम्हाला बाराखडीसारखं पाठ. कॉम्पॅक्टरच्या पेटीत उतरताना मात्र ते आठवलं नाही. इथे डोक्यावर काही लोंबत नसतं ना. प्लेट आडवी, समोरून येते.

दुसऱ्याच वर्षी एका ठिकाणी शहाळ्यांची टरफलं प्लेटच्या मागे अडकली होती. मी बटण बंद केलं आणि आत उतरलो. तेवढ्यात तिथला पोरगा पिशव्या घेऊन आला. मशीन बंद दिसली, त्याने चालू केली. त्याला बोल कसा लावणार? आत माणूस आहे हे सांगणारं बाहेर काहीच नव्हतं. पंपाची घरघर पायाखालून आली आणि प्लेट वीतभर सरकली. आमच्या हेल्परने लाल बटणावर थाप मारली. ‘भितर पात्रांव आसा!’ म्हणजे आत मालक आहे, हे तो ओरडला ते मशीन थांबल्यानंतर.

घरी आल्यावर हिशेब मांडला. १०० मिमी व्यासाचा सिलिंडर, १५० बार दाब, म्हणजे जवळपास १२ टन रेटा. जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारातून कुलुपं आणली. तेव्हापासून मेन आयसोलेटर, म्हणजे मशीनची वीज तोडणारा मुख्य स्विच, बंद करून त्याला कुलूप, आणि चावी आत उतरणाऱ्याच्या खिशात. दोघे उतरले तर कुलुपं दोन. साहेबाची, सुपरवायझरची, कुणाचीही चावी चालत नाही. वीज तोडली तरी तेलात दाब उरतो, म्हणून तो सोडून गेजचा काटा शून्यावर आलेला डोळ्यांनी बघायचा. होज कुठे गळतोय हे हाताने चाचपायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा. सुईएवढ्या भोकातून सुटलेलं तेल कातडीत घुसतं. ओल्या कचऱ्याच्या बंद पेटीत तर आधी हवा तपासल्याशिवाय डोकंही घालायचं नाही. कुजक्या अंड्याचा वास येतो तो वायू वाढला की नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही.

यापायी काही ग्राहक गेले. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने दार उघडलं की मशीन थांबवणारा लिमिट स्विच गंजतो, मशीन मध्येच थांबते, मग कुणीतरी तो स्विच तारेने दाबून बांधतो. दार उघडं, प्लेट चालू. ‘सीझन आहे, नंतर बघू’ म्हणणाऱ्या एकाची मशीन आम्ही हातच न लावता सोडून आलो. त्या महिन्यात पगार उशिरा झाले, आणि घरात त्यावरून बोलणीही खावी लागली. पुढच्या पावसाळ्यात त्याचाच फोन आला. स्विच बदलून घेतला, पण घासाघीस सोडली नाही.

आज आम्ही सात जण आहोत. चतुर्थी आटोपली की सीझनपूर्वीची फेरी निघते, कळंगुटपासून मोरजीपर्यंत. नवा पोरगा रुजू झाला की पहिल्या दिवशी त्याला पान्याआधी कुलूप मिळतं. माझं पहिलं कुलूप आता गंजून घट्ट झालंय. ते टाकवत नाही, म्हणून लेथच्या वर खिळ्याला टांगलंय.