आमची वाटचाल : पुढचा नाल वेगळा, मागचा वेगळा

आमचं काम माथेरानच्या घोड्यांपासून सुरू झालं. गावात मोटारींना बंदी, त्यामुळे घोड्यांवर भिस्त मोठी; जांभ्याच्या वाटांवर लोखंड झिजतंही भराभर. सुरुवातीला चारही पायांना एकाच घडणीचा नाल असायचा, फरक फक्त मापाचा. आज पुढचे आणि मागचे नाल आम्ही वेगळे घडवतो. आमच्या कामातला सगळ्यात मोठा बदल हाच.

कारण खुरातच आहे. पुढचं खूर गोल, तळवा सपाट. उभ्या घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. मागचं खूर टोकाकडे निमुळतं, तळवा खोलगट, काम मुख्यतः रेटा देण्याचं. तिथे गोल नाल लावला की लोखंड बाजूंनी बाहेर राहतं. मग काही जण खूरच कानसून नालाशी जुळवतात, आणि ते आम्हाला मुळीच मान्य नाही. वळवायचा तो नाल.

पुढच्या नालाला टोकाशी एक क्लिप, म्हणजे नालाच्या कडेतून वर काढलेली, खुराला धरून ठेवणारी छोटी जीभ, पुरते. मागच्याला दोन्ही बाजूंना एकेक काढतो, म्हणजे नालाचं टोक जरा मागे घेता येतं आणि मागचा पाय पुढच्यावर लागलाच तर इजा कमी होते. चालताना लोखंडावर लोखंड वाजत असेल तर आधी पुढचं खूर बघावं. त्याचं टोक वाढलं की पाय उशिरा उचलला जातो.

खरी कसोटी टाचेशी. पुढच्या नालाची टाच जास्त बाहेर राहिली, तर मागचा पाय तिच्यावर पडून नाल उपटतो, सोबत खुराच्या भिंतीचा तुकडाही जातो. त्या भीतीने नाल आखूड केला तर टाचेचा आधार सुटतो आणि तळव्याच्या कोपऱ्यात दाब येऊन दुखापत होते. म्हणून पुढे टाच पुरती झाकेल एवढीच लांबी, मागे काही मिलिमीटर जास्त.

खिळे बहुधा सहा, बाजूला तीन-तीन. पुढच्या खुराची भिंत टोकाशी जाड आणि टाचेकडे पातळ असते, शिवाय टाच पाऊल टेकताना किंचित फाकते. त्यामुळे खुराच्या सर्वांत रुंद भागामागे खिळा नको. मागच्या पायाला थोडी सूट मिळते. खिळ्याचं टोक नालापासून सुमारे २ सेंटीमीटर वर निघावं. फार खाली निघालं तर भिंत फुटते. खिळा आत जिवंत भागाजवळ गेला तर घोडा कधी लगेच, कधी एक-दोन दिवसांनी लंगडतो.

शर्यतीच्या घोड्यांना अ‍ॅल्युमिनियमचे हलके नाल लागतात, पण खडकाळ वाटेवर ते टिकत नाहीत, तिथे लोखंडच. नाल झिजला नसला तरी चार ते सहा आठवड्यांनी काढून खूर छाटावंच लागतं, कारण ते महिन्याला ८-१० मिलिमीटर वाढतं आणि नाल त्याच्यासोबत पुढे सरकतो.