एका गुणाचा सराव सामना

20 जुलै 2024. लंडनच्या ओ-टू अरीनात अमेरिका विरुद्ध दक्षिण सुदान, पॅरिस ऑलिंपिकआधीचा बास्केटबॉलचा सराव सामना. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. घरात सगळे झोपलेले, म्हणून मी आवाज बंद करून बघत होते.

मध्यंतराला दक्षिण सुदान 58-42 ने पुढे! समोर लेब्रॉन, करी, डेव्हिस असे अमेरिकेचे दिग्गज. मी उठून उभीच राहिले.

हा देश 2011 साली जन्मला. 2024 मध्ये तिथे राष्ट्रीय संघाला सरावासाठी छत असलेलं एकही मैदान नव्हतं. आम्ही सोलापुरात सिमेंटच्या उघड्या कोर्टवर शिकलो. पाऊस आला की बॉल हातातून निसटायचा, पडलं की गुडघे सोलून निघायचे. त्यामुळे छत नसल्याचं वाक्य मला नुसती माहिती म्हणून वाचता येत नाही. दक्षिण सुदानच्या बास्केटबॉल संघटनेचा तेव्हाचा अध्यक्ष लुओल डेंग. निर्वासित म्हणून लहानपणी इजिप्तमार्गे याच लंडनमध्ये आलेला, पुढे एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, गाजवलेला. त्याने संघ उभा करताना स्वतःच्या खिशातून पैसे घातले.

आणि दक्षिण सुदानचा कार्लिक जोन्स! 15 गुण, 11 रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं), 11 असिस्ट (बास्केट करून देणारे पास). अमेरिकेविरुद्ध ट्रिपल-डबल, म्हणजे तिन्ही आकडे दोन अंकी.

शेवटी आठ सेकंद उरले असताना लेब्रॉन घुसला आणि लेअप, म्हणजे बास्केटजवळ जाऊन अलगद बॉल, टाकला. अमेरिका 101, दक्षिण सुदान 100. दक्षिण सुदानचा शेवटचा प्रयत्न हुकला.

मला हुंदका आवरला नाही. आठवड्याभराने याच पोरांनी ऑलिंपिकमध्ये प्वेर्तो रिकोला 90-79 हरवलं, तेव्हा मात्र मी टीव्हीचा आवाज मोठा ठेवला होता.