लहान रीफ टाकीत मीठ बदलताना

रीफ टाकी म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवायची घरगुती टाकी. तिचे मीठ, म्हणजे तिचे खारे पाणी ज्यापासून तयार करतात ते विकतचे मिश्रण, बदलायचे म्हटले की कोणते मीठ चांगले, हाच प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. माझ्या मते तो दुय्यम आहे. टाकीत आज जे पाणी आहे आणि नव्या मिठाने जे पाणी तयार होणार आहे, त्या दोहोंत अंतर किती आणि ते किती सावकाश पार करायचे, हे आधी ठरवावे लागते. साठ लिटरच्या टाकीत तर त्याला पर्यायच नाही, कारण एवढ्याशा पाण्यात मोठा बदल पचत नाही.

माझ्याकडे क्लाउनफिशची जोडी, एक क्लीनर श्रिंप, काही गोगलगायी आणि झोआंथिड, मशरूम, लेदर असे मऊ प्रवाळ आहेत. दगडी प्रवाळ मी ठेवत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते 2001 पासून आहेत, आणि तेवढे कारण मला पुरेसे आहे. मिठाच्या निवडीशी या गोष्टीचा थेट संबंध येतो. प्रवाळांची वाढ जलद होईल असे ज्या बादल्यांवर छापलेले असते, त्यांतील बऱ्याच मिठांचे पाणी अकरा-बारा डीकेएच अल्कलिनिटीचे (अल्कलिनिटी म्हणजे पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा आणि डीकेएच हे त्याचे माप) होते, तर खुल्या समुद्रात हा आकडा सातच्या आसपास असतो. हा जादा साठा सांगाडा बांधणाऱ्या दगडी प्रवाळांसाठी असतो. मऊ प्रवाळ तो फारसा वापरत नाहीत, त्यामुळे पाणी बदलत राहावे आणि आकडा चढाच राहावा, असे होते. त्याची खूण हीटरवर दिसते. काचेच्या नळीवर कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा, खरखरीत थर बसतो, पंपाचे चक्र घासत फिरू लागते आणि दोन्ही वस्तू व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवाव्या लागतात. बेळगावच्या थंडीत हीटर रात्रभर चालू असतो, त्यामुळे हा थर आमच्याकडे अंमळ लवकरच चढतो. पैसे मोजून आणलेले कॅल्शियम व्हिनेगरने धुऊन टाकण्यात मला काही अर्थ वाटेना, म्हणून मी नैसर्गिक पातळीच्या जवळ जाणारे मीठ घेतले.

आता अंतराचा हिशेब पाहू. टाकीची अल्कलिनिटी 11 आणि नव्या पाण्याची 7.5 असेल, तर साठांपैकी सहा लिटर पाणी बदलल्यावर टाकीतला आकडा केवळ 0.35 ने उतरतो. एका दिवसात एक डीकेएचपेक्षा जास्त फरक पडू देऊ नये, हा छंदातला रूढ दंडक आहे आणि आपण त्याच्या बरेच आत राहतो. तेच अर्धी टाकी एकदम बदलली, तर फरक 1.75 चा पडतो. मग लेदर मिटून बसले आणि त्याच्या अंगावर मेणचट पापुद्रा आला, तर नवल नाही. दर आठवड्याला दहा टक्के या गतीने सातव्या बदलानंतर जुने पाणी निम्म्याहून थोडे कमी उरते. ही गती पुरेशी आहे. अल्कलिनिटी थेंब मोजून तपासण्याच्या साध्या किटमध्ये एका थेंबाला एक डीकेएच असे माप असते. पाच मिलिलिटरऐवजी दहा मिलिलिटर पाणी घेतले, तर एक थेंब अर्ध्या डीकेएचचा होतो आणि पाण्याचा रंग निळ्याचा पिवळा कुठे झाला, हे अधिक बारकाईने कळते.

जुन्या मिठाचे वजनी माप मात्र नव्याला लावू नये. प्रत्येक मिठातील ओलाव्याचे प्रमाण निराळे असते, त्यामुळे लिटरला 38 ते 40 ग्रॅम हा केवळ अंदाज समजावा आणि क्षारता 35 पीपीटीवर (हजार भागांत 35 भाग क्षार), म्हणजे 1.026 विशिष्ट गुरुत्वावर, रिफ्रॅक्टोमीटर या क्षारता मोजण्याच्या उपकरणानेच आणावी. तो रिफ्रॅक्टोमीटरही साध्या पाण्यावर नव्हे, तर 35 पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवलेला असावा. पिशवीवरील आकडे कोणत्या क्षारतेचे आहेत तेही वाचावे; 33 ला मोजलेली अल्कलिनिटी 35 ला वाढलेली दिसते आणि मीठ खराब असल्याचा उगाच संशय येतो.

चोर्ला घाट उतरला की गोवा, मग समुद्राचे पाणीच का आणत नाही, असे शेजारचे काका मला दर सुट्टीत विचारतात. पावसाळ्यात मांडवी आणि झुवारी एवढे गोडे पाणी आणून ओततात की किनाऱ्याजवळच्या पाण्याची क्षारता भरवशाची राहत नाही, आणि बंदराजवळच्या तेलकटपणाची भीती असते ती निराळीच. खडे मीठ का चालत नाही, याचे उत्तर मिठागरातच आहे. शिरोड्यासारख्या ठिकाणी वाफ्यातले पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार आधीच खाली बसतात, मग मीठ धरते आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडवट पाण्यात राहते. हाती येते ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड.

पाण्याबाबतही एक सावधगिरी आवश्यक आहे. राकसकोप जलाशयातून येणारे नळाचे पाणी असो वा वाड्यातल्या विहिरीचे, घरगुती आरओतून काढले म्हणजे झाले, असे नाही. त्या यंत्रात चवीसाठी थोडे कच्चे पाणी मिसळण्याची सोय असते. ती बंद करून, पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनमधून पाणी काढून टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे माप) शून्यावर आणावा. मीठ पाण्यात घालावे, मिठावर पाणी ओतू नये, नाहीतर जिथे द्रावण दाट होते तिथे कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि अल्कलिनिटी मोजमापाआधीच घटते. बादलीत लहान पंप सोडून पाणी आरपार दिसेपर्यंत थांबावे.

राहिला पावसाळा. मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा झपाट्याने ओढते, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेसुद्धा दमट होतात. उघडलेल्या बादलीत गठ्ठे धरले, तर तेच ग्रॅम टाकूनही क्षारता कमी भरते. सुटे, किलोवर तोलून दिलेले मीठ मी घेत नाही, कारण हाताळणीत बारीक दाणा खाली आणि जाड दाणा वर असे घटक वेगळे होतात. सीलबंद बादलीही उघडण्याआधी आडवी लोळवून घ्यावी. वीस किलोची बादली किलोमागे स्वस्त पडते हे खरे, पण आठवड्याला पाव किलोच्या आसपास मीठ लागणाऱ्या टाकीला ती दीड वर्ष पुरते, म्हणजे एक पावसाळा तरी नक्कीच पाहते. मी पाच किलोची पिशवी मागवतो आणि घट्ट झाकणाच्या दोन डब्यांत वाटून ठेवतो.