रुपये नकोत, टेदर द्या

आमच्या क्रिप्टो एक्स्चेंजवर पी-टू-पी, म्हणजे माणसाकडून थेट माणसाला होणाऱ्या व्यवहारात भांडण झालं की ते आमच्या टेबलावर येतं. यात एक्स्चेंज स्वतः काही विकत नाही. एक जण आपले कॉइन विकायला ठेवतो, दुसरा घ्यायला येतो. विकणाऱ्याचे कॉइन आमच्याकडे एस्क्रोमध्ये, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत आमच्या ताब्यात, अडकतात, घेणारा आपल्या बँकेच्या ॲपवरून थेट त्याच्या खात्यात पैसे टाकतो आणि 'पैसे दिले' हे बटण दाबतो, मग विकणारा खातं तपासून कॉइन सोडतो. वर घड्याळ चालू असतं, बहुतेक ऑर्डरींना पंधरा मिनिटांचं. तेवढ्यात बटण दाबलं नाही तर ऑर्डर आपोआप रद्द होते. पैसे खरंच गेले की नाही हे आमच्या सिस्टिमला कळत नाही, कारण ते आमच्या हातातून जातच नाहीत. मग होणारा घोळ निस्तरायला माझ्यासारखी माणसं बसलेली असतात. दिवसभर स्क्रीनशॉट बघायचे, बँकेची स्टेटमेंटं ताडायची आणि दोन अनोळखी माणसांनी एकमेकांचा केलेला उद्धार वाचायचा.

१२ एप्रिल २०२२ ला, मंगळवारी, श्रीलंकेने जाहीर केलं की परदेशी कर्जाची परतफेड तूर्त थांबवतोय. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच त्या देशावर ही वेळ आली होती. परदेशी कर्ज ५१ अब्ज डॉलरचं, आणि तिजोरीत तेल आणि औषधं घ्यायलाही धड डॉलर नाहीत. त्या शिफ्टला श्रीलंकन रुपयाच्या तक्रारी माझ्याकडे होत्या.

बातमी येऊन तास झाला नसेल तोच मार्केटिंगमधल्या एका उत्साही मुलाचा मेसेज आला. "श्रीलंकेतून आज बिटकॉइनवर उड्या पडल्या असतील ना? दोन-चार आकडे दे, संध्याकाळी पोस्टर टाकतो." पोस्टरची ओळही तयार होती: देश बुडतो तेव्हा लोक बिटकॉइनकडे धावतात. मी त्याला म्हटलं, शिफ्ट संपेपर्यंत थांब.

ऑर्डरी वाढल्या होत्या, खोटं कशाला सांगू. पण बिटकॉइनच्या नव्हेत. समोरून सरकत होतं ते सगळं टेदर, म्हणजे यूएसडीटी. एक टेदर म्हणजे एक डॉलर, असा ज्याचा दावा आहे ते नाणं. लोकांना क्रिप्टो नको होतं, डॉलर हवा होता. बँक देत नाही, सराफी पेढीवरचा मनी चेंजर चढा भाव सांगतो किंवा 'संपला' म्हणतो, म्हणून मोबाइलमधला डॉलर. उद्या बँकेने खिडकीवर खरा डॉलर दिला असता तर यातल्या बहुतेकांनी आमचं ॲप पुसून टाकलं असतं.

दुसरी गोष्ट अशी की प्रत्येक घेणाऱ्यासमोर एक विकणारा लागतो, आणि पोस्टर बनवणाऱ्यांना हे कधीच आठवत नाही. लोक रुपयातून पळतायत म्हणता, तर मग पळणाऱ्यांचे रुपये घेतंय कोण? त्या दिवशी विकणाऱ्यांच्या यादीत दोन प्रकारची माणसं होती. एक, परदेशी क्लायंटचं काम करून टेदरमध्ये पगार घेणारी. दुसरी, आखातात राबणाऱ्यांचे घरचे लोक. ७ मार्चपर्यंत सरकारने डॉलरचा दर दोनशेच्या आसपास बांधून ठेवला होता, बाहेर त्याहून बरंच जास्त मिळत होतं. साहजिकच घरी पैसे पाठवणाऱ्यांनी बँकेची वाट सोडली होती. बहुतेक जण उंडियलकडे, म्हणजे तिथल्या हवालाकडे गेले, काही थोडे आमच्याकडे आले. ७ मार्चनंतर दर मोकळा झाला आणि महिन्याभरात बँकेतला डॉलर ३२० च्या पुढे गेला, पण गेलेला विश्वास काही तेवढ्यात परत आला नाही. थोडक्यात, क्रिप्टो देशाबाहेर जितकं जात होतं तितकंच देशात येतही होतं. कुणाच्या तरी घरचा किराणा कुणाच्या तरी पळून जाण्याला पैसे पुरवत होता.

आता त्या दिवशीचं एक तिकीट, म्हणजे आमच्याकडे आलेली तक्रार.

खरेदीदार एक बाई. मुलगी परदेशात शिकायला, तिच्या होस्टेलचं भाडं थकलेलं, आणि बँकेत अर्ज देऊनही डॉलर मिळेना. दोनशे टेदरच्या आतली ऑर्डर होती. मुलगी तिकडे ते टेदर विकून भाडं भरणार होती. कार्डाने क्रिप्टो घ्यायला श्रीलंकेच्या मध्यवर्ती बँकेने आदल्या वर्षीच बंदी घातलेली, त्यामुळे माणसाकडून माणसाला हाच रस्ता. बाईंनी विकणाऱ्याच्या सूचना तंतोतंत पाळल्या होत्या. तिसऱ्याच्या खात्यातून पैसे पाठवू नका, रिमार्कमध्ये क्रिप्टो, टेदर, यूएसडीटी असं काही लिहू नका, नाहीतर बँक खातं गोठवेल. रिमार्कमध्ये त्यांनी लिहिलं होतं, 'सणाची भेट'. दुसऱ्या दिवसापासून अवुरुदु, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, त्यामुळे ते खपूनही गेलं असतं.

पैसे गेले आणि वीज गेली. मार्चच्या अखेरीस तिथे तेरा तेरा तासांच्या भारनियमनापर्यंत मजल गेली होती. एप्रिलमध्ये तास कमी झाले तरी वीज जायची ती जायचीच, आणि मागोमाग मोबाइलचं नेटवर्कही. 'पैसे दिले' हे बटण दाबायचं राहिलं. पंधरा मिनिटं संपली, ऑर्डर रद्द, टेदर विकणाऱ्याकडे परत. रुपये मात्र त्याच्या खात्यात पोचलेले.

नेटवर्क आल्यावर बाईंनी तक्रार टाकली. मी तक्रारीतल्या रकमेएवढे टेदर विकणाऱ्याच्या वॉलेटमध्ये अडवले आणि दोघांकडून पुरावे मागवले. आम्हाला स्क्रीनशॉट चालत नाही, तो कुणीही बनवतो. बँकेच्या ॲपमध्ये लॉगिन करण्यापासून व्यवहार दिसेपर्यंतचं सलग रेकॉर्डिंग लागतं. बाईंनी ते पाठवलं. त्यात वरच्या कोपऱ्यात बॅटरी लाल झालेली दिसत होती, आणि खाली व्यवहारांच्या यादीत आठवडाभर केलेले बारीक बारीक खर्च. सगळ्यात मोठी रक्कम आमचीच.

विकणारा चोर नव्हता, हे लगेच कळलं. चोर पहिल्यांदा म्हणतो, पैसे आलेच नाहीत. हा म्हणाला, आलेत. ॲप बनवून देणारा माणूस, हाताखाली दोन मुलं. त्याचं म्हणणं एवढंच की ऑर्डर रद्द झालीय, दुपारपासून भाव चढलाय, तर टेदर हवे असतील तर आत्ताच्या भावाने घ्या, नाहीतर रुपये परत घ्या.

बाईंचं उत्तर एका ओळीचं होतं: "रुपये नकोत, टेदर द्या."

मग तो जरा चाचरला. रुपये परत करायचे तर त्याच्याकडे नव्हतेच. सणाआधी म्हणून मुलांचे पगार त्याच दुपारी वाटून मोकळा झाला होता. परत करायचे तर आणखी टेदर विकून रुपये उभे करावे लागणार होते, आणि ते त्याच्या जिवावर आलं होतं. मला त्या चॅटमध्ये अख्खं संकट दिसलं. जो तो रुपया मिळाला की लगेच पुढे ढकलत होता, गरजेपुरता हातात घ्यायचा आणि सोडून द्यायचा. या भल्या माणसानेही महिन्याला लागतील तेवढेच टेदर मोडायचं ठरवलेलं होतं, एकही जास्त नाही.

आमचा नियम साधा आहे. ऑर्डर टाकताना जो भाव ठरला तोच, पैसे वेळेत पोचले असतील तर. बँकेची वेळ बघितली, पैसे मुदतीत पोचले होते. तसं त्याला कळवलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग लिहिलं, "उद्या सण आहे, वाद नको," आणि टेदर सोडले. भावातल्या फरकाने त्याचं नुकसान फार नव्हतं, पण त्या दिवसात माणसं त्याहून कमी रकमेसाठी आठवडा आठवडा भांडत होती.

शिफ्ट संपली तरी पोस्टरवाला मुलगा वाट बघत होता. मी त्याला जे दिसलं ते सांगितलं, तर तो म्हणतो, "मग सायप्रसचं काय? ते तर सगळ्यांना माहीत आहे." हे सायप्रसचं प्रकरण आमच्या धंद्यात पुराणातल्या कथेसारखं सांगितलं जातं. मार्च २०१३ मध्ये तिथल्या सरकारने ठेवीदारांच्या पैशातूनच वाटा कापायची घोषणा केली, बँका जवळजवळ दोन आठवडे बंद राहिल्या, आणि तेव्हाच ४७ डॉलरच्या आसपास असलेला बिटकॉइन १० एप्रिलला २६६ वर पोचला. पण जानेवारीत तो १३ डॉलर होता, म्हणजे घोडा आधीच सुटलेला होता. शिवाय बँका बंद असताना सायप्रसच्या माणसाने बिटकॉइन घेतला कशाने? वर्तमानपत्र वाचून घेणारे दुसऱ्याच देशातले होते, ज्यांच्या बँका चालू होत्या. आणि २६६ ला ज्यांनी घेतला त्यांचे निम्म्याहून जास्त पैसे काही दिवसांत गेले.

ग्रीसमध्ये हे आणखी उघड दिसलं. २९ जून २०१५ पासून बँका बंद, एटीएममधून दिवसाला ६० युरो, परवानगीशिवाय पैसे परदेशी पाठवायला मनाई. दुसऱ्या दिवशी नाणेनिधीचा हप्ता चुकला. बिटकॉइन २५० वरून ३०० च्या वर गेला खरा. पण एक्स्चेंज परदेशात आणि बँकेतून पैसे बाहेर जाणं बंद. ज्या आठवड्यात ग्रीक माणसाला बिटकॉइनची सगळ्यात जास्त गरज असायला हवी होती, नेमक्या त्याच आठवड्यात तो त्याला घेता येत नव्हता. ज्यांना पळायचं होतं ते आधीच पळाले होते. नोव्हेंबर २०१४ पासून जुलैपर्यंत सुमारे ४० अब्ज युरोच्या ठेवी बँकांतून बाहेर पडल्या होत्या, परदेशी खात्यांत आणि घरातल्या कपाटांत. घरातल्या नोटेला पासवर्ड लागत नाही, वीजही लागत नाही.

"म्हणजे लोक वळतच नाहीत?" असं त्याने वैतागून विचारलं. वळतात की. पण एका दिवसात नाही, आणि हप्ता चुकल्याच्या बातमीमुळे नाही. अर्जेंटिनात ऑक्टोबर २०१९ मध्ये माणशी महिन्याला फक्त २०० डॉलर घेता येतील असं बंधन आलं आणि ते वर्षानुवर्षं राहिलं. तिथे टेदर लोकांच्या अंगवळणी पडलं. लेबनॉनमध्ये बँकेतला डॉलर नुसता आकडा उरला, मार्च २०२० मध्ये देशाने कर्ज बुडवलं, आणि हळूहळू टेदर घेऊन रोख डॉलर देणारे दुकानदार तयार झाले. दोन्हीकडे लोकांना डॉलरमध्ये विचार करायची सवय आधीपासून होती. फक्त पाकीट बदललं. सवय लागायला वेळ लागतो, आजूबाजूला विकणारे लागतात, आणि मुख्य म्हणजे बाजूला ठेवण्याइतका पैसा लागतो. गॅसच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही बिटकॉइन सुचवून बघा.

तो म्हणाला, एवढं पोस्टरवर मावणार नाही. खरं होतं ते.

पोस्टर निघालं, सोनेरी नाण्याचं चित्र टाकून. त्या दिवशी बिटकॉइन ४०,००० डॉलरच्या आसपास होता. पोस्टर बघून कुणी घेतला असेल तर जूनच्या मध्यावर तो २०,००० च्या खाली आलेला त्याने बघितला. तोवर श्रीलंकन रुपया डॉलरला ३२० वरून ३६० वर उतरला होता. म्हणजे बुडणाऱ्या रुपयातून उठून बिटकॉइनमध्ये गेलेला माणूस डॉलरच्या हिशेबात जागेवर बसून राहिलेल्यापेक्षा जास्त बुडाला. मधल्या काळात, मे महिन्यात, टेरायूएसडी नावाचं 'एक डॉलरचं' नाणं कोसळून कवडीमोल झालं. नाव डॉलरचं असलं तरी मागे कोण काय ठेवून बसलंय हे बघावंच लागतं, आणि ते बघण्याची सोय फोनची बॅटरी वाचवत बसलेल्या माणसाकडे नसते. बाईंनी टेदर घेतलं होतं हे त्यांचं नशीब म्हणायचं. भाव बघून त्यांनी दुसरंच काही घेतलं असतं तर मी काही करू शकले नसते.

त्यांच्या ऑर्डरी पुढेही दिसायच्या. दोनशेच्या आतल्या, आणि दर वेळी त्याच ॲपवाल्याकडून. मग एकदम बंद झाल्या. मुलीचं शिक्षण एवढ्यात संपलं नसणार. दोघांनी एकमेकांचे फोन नंबर घेऊन आमचं कमिशन वाचवलं असणार, हे उघड आहे. असं दिसलं की कळवायचं, असा नियम आहे. मी नाही कळवलं.