नट कुठे संपतो? : जुन्या-नव्या चित्रपटांच्या जोड्या

एक जुना आणि एक नवा चित्रपट लागोपाठ पाहण्याचा उपक्रम नागपूरच्या उन्हाळ्यात, दुपारी घराबाहेर पाऊल टाकणे अशक्य असते त्या दिवसांत, सुरू केला आणि पावसाळा लागला तरी तो चालू आहे. या खेपेला निवडीचा निकष एकच होता : पडद्यावरचा नट विसरला जाऊन माणूस उरतो का.

सर्वांत फलदायी ठरली ती ‘सामना’ (१९७४) आणि ‘कोर्ट’ (२०१४) ही जोडी. जब्बार पटेल यांच्या ‘सामना’त निळू फुले आणि श्रीराम लागू हे दोन कसलेले नट समोरासमोर उभे आहेत. विजय तेंडुलकरांच्या संवादांमुळे काही प्रसंग रंगमंचावर घडत असल्यासारखे वाटतात हे मान्य केले, तरी हिंदुराव पाटलाच्या पाहुणचारात दडलेली दहशत फुले ज्या संथपणे उलगडतात, तिला तोड नाही. ‘कोर्ट’मध्ये चैतन्य ताम्हाणे यांनी कॅमेरा बहुतेक वेळ दूर आणि स्थिर ठेवला आहे. लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका आपल्या नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक वीरा साथीदार यांनी केली, २०२१ मध्ये करोनाने त्यांचे निधन झाले. न्यायालयात उत्तरे देताना त्यांच्या चेहऱ्यावर जो थकलेला ठामपणा दिसतो, तो तालमीने आलेला वाटत नाही. दोन्ही चित्रपटांच्या केंद्रस्थानी एकेक कांबळे आहे, हे लागोपाठ पाहिल्यावरच जाणवले : ‘सामना’तला मारुती कांबळे बेपत्ता असून सगळ्या गावाच्या मनात आहे, तर नारायण कांबळे डोळ्यांसमोर असूनही व्यवस्थेला केवळ एका खटल्यापुरता दिसतो.

नागपूरच्या झोपडपट्टीतील फुटबॉल खेळणाऱ्या पोरांवरचा नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) पुन्हा पाहिला. नागपूरकराने त्याविषयी तटस्थपणे लिहावे ही अपेक्षा व्यर्थ आहे, तरीही नोंदवतो की वस्तीतील पोरांच्या वावरापुढे अमिताभ बच्चन यांच्यासारखा नट काहीसा मागे सरकून उभा राहतो आणि तेच चित्रपटाच्या पथ्यावर पडते. उत्तरार्ध लांबला आहे. मात्र ओळखीच्या कागदपत्रासाठी वणवण करणारे बाप-लेक (लेकीच्या भूमिकेत रिंकू राजगुरू) तिथेच भेटत असल्याने कात्री नेमकी कुठे लावावी, हे मलाही सांगता येणार नाही. याच चित्रपटाचे छायालेखक सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी दिग्दर्शित केलेला ‘नाळ’ (२०१८) अधिक आटोपशीर आहे आणि त्यातील छोट्या चैत्याचे बोलणे वैदर्भीय कानाला कुठेही खटकत नाही.

‘संत तुकाराम’ (१९३६) मधील चमत्कारांची दृश्ये आज भाबडी वाटतात. गौरी यांनी साकारलेली तुकारामांची पत्नी जिजाई मात्र जराही जुनी झालेली नाही. तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीस यांच्या शांतपणाला तिच्या संसारी त्राग्यामुळेच वजन येते, असे माझे मत आहे.

त्याच्या जोडीला रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ (२०२५) घेतला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र यांच्यातील ओढ इतक्या कमी शब्दांत मांडली आहे की सुरुवातीला मी अस्वस्थ झालो. पण हळूहळू तो संयम पटत गेला.

पुढची जोडी ‘उंबरठा’ (१९८२) आणि ‘फँड्री’ अशी ठरवली आहे.