बारा किल्ल्यांचा स्लाइडसंच: काम कुठवर आलं?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांवर मराठी स्लाइडसंच करायचा, तोही छदाम न खर्चता आणि काहीही इन्स्टॉल न करता, असं ठरवलं होतं. साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंतचे ११ आपल्याकडचे आणि तमिळनाडूतला जिंजी. मजकूर पक्का झालाय, नकाशा जवळपास झालाय, फोटो निवडणं चालू आहे.

सगळ्यात जास्त वेळ अक्षरांनी घेतला. कॅनव्हा या डिझाइनच्या वेबसाइटवरचे तयार साचे दिसायला झकास, पण ते रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले. शीर्षकातल्या अक्षरांमधलं अंतर मुद्दाम वाढवलेलं असतं. तिथे ‘विजयदुर्ग’ टाइप केलं की शिरोरेघेचे तुकडे पडतात. अंतर शून्यावर आणा. ओळींमधली जागा मात्र वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. एवढं करूनही फॉन्टचं दुखणं राहतंच, कारण फुकट खात्यात आपला फॉन्ट चढवता येत नाही.

म्हणून मुक्काम गूगल स्लाइड्समध्ये हलवला. फॉन्टच्या यादीत ‘आणखी फॉन्ट’ उघडून लिपी देवनागरी निवडली की खजिनाच उघडतो. मजकुराला ‘मुक्त’ (Mukta) हा फॉन्ट, शीर्षकांना ‘तिरो देवनागरी मराठी’. तिरोचं हिंदी, मराठी, संस्कृत असं वेगवेगळं रूप मिळतं आणि मराठीत आपला पाकळीचा ल, देठाचा श आपोआप येतो. ‘लोहगड’ आणि ‘शिवनेरी’ ही शीर्षकं त्यात बघाच! ‘यात्रा वन’ या फॉन्टचाही मोह झाला होता. मुंबई लोकलच्या हातांनी रंगवलेल्या पाट्यांवरून तो बेतलाय, पण किल्ल्याला स्टेशनची पाटी लावल्यासारखं वाटलं. कुठलाही फॉन्ट घेण्याआधी ‘दऱ्या’, ‘दुर्ग’, ‘तटबंदी’, ‘खांदेरी’ हे चार शब्द लिहून बघते. ‘दऱ्या’तला र नीट उमटला नाही की तो फॉन्ट बाद.

नकाशा डेटारॅपर या नकाशे आणि आलेख बनवायच्या वेबसाइटवर केला. अक्षांश-रेखांशांचा तक्ता चिकटवला की ठिपके हजर. पंचाईत जिंजीची. त्याला चौकटीत घेतलं की नकाशा इतका लांबतो की रायगड, राजगड, प्रतापगडाची नावं एकमेकांवर चढतात. शेवटी सह्याद्री-कोकणाचा मोठा नकाशा आणि कोपऱ्यात दक्षिण भारताचा छोटा, अशी विभागणी केली. खाली डेटारॅपरचं नाव येतं, ते राहू दिलंय. फुकटात एवढं मिळतंय तर नाव लावायला काय जातं?

फोटो विकिमीडिया कॉमन्स या खुल्या फोटोसंग्रहावरून. प्रत्येक फाइलच्या पानावर छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना असतो, तो त्याच स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरांत देतेय. सगळे श्रेय शेवटच्या स्लाइडवर कोंबलेले मला आवडत नाहीत. ती येईपर्यंत लोक चपला शोधत असतात. क्षितिज सरळ करणं, धुकं थोडं उतरवणं ही कामं फोटोपिया या फोटो सुधारायच्या साधनात. ते ब्राउझरमध्येच चालतं आणि फोटो आपल्या कंप्युटरवरून कुठे जात नाही. साल्हेरसाठी मात्र मनासारखा फोटो अजून नाही. १५६७ मीटर उंचीचा किल्ला फोटोत टेकडीसारखा दिसतो, शेजारी माणूस किंवा झाड असल्याशिवाय उंची कळतच नाही.

कार्यक्रमासाठी पीडीएफच नेणार. पीपीटीएक्स (पॉवरपॉइंटची फाइल) दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली आणि तिथे तिरो नसेल तर दुसराच फॉन्ट येऊन बसतो, ओळी चौकटीबाहेर जातात. पीडीएफमध्ये अक्षरं आतच बांधलेली असतात, सभागृहात नेट नसलं तरी बिघडत नाही. अ‍ॅनिमेशन जातं, तर जाऊ दे. तसंही गरगरत येणाऱ्या रायगडाने कुणाचं भलं झालेलं नाही.

आता सुवर्णदुर्ग, खांदेरी आणि जिंजीच्या स्लाइड उरल्यात. पाण्यातल्या दोन्ही किल्ल्यांच्या फोटोंवर पांढरी अक्षरं आकाशात हरवतात, म्हणून मजकुराखाली गडद पट्टी देऊन बघणार आहे. कुणी प्रोजेक्टरवर याहून बरा उपाय केला असेल तर जरूर सांगा.